आपली मोजणी आपण केव्हा करणार?

सीमाभागातील मराठी संस्थांची निवेदने सातत्याने वाचणाऱ्याला त्यांतील काही शब्दप्रयोग पाठ होऊन जातात. 'बहुसंख्य मराठी भाषक', 'असंख्य पालकांची मागणी', 'झपाट्याने घटणारी पटसंख्या', 'वारंवार होणारा अन्याय'. हे शब्द खोटे आहेत असे कोणीही म्हणणार नाही. त्यांच्यामागे १ नोव्हेंबर १९५६ पासूनचा अनुभव उभा आहे. परंतु निवेदन ज्या अधिकाऱ्याच्या हाती पडते, तो त्या सर्व शब्दांवर एकच प्रश्न करतो: किती? कोणत्या गावात, कोणत्या इयत्तेत, कोणत्या वर्षी? उत्तर निवेदनाला जोडलेले नसेल, तर पोच देऊन कागद फाइलीत जातो आणि पुढच्या वर्षी त्याच शब्दांचे दुसरे निवेदन तयार होते.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे: सीमाभागातील आणि बृहन्महाराष्ट्रातील मराठी समाजाने स्वतःविषयीची माहिती स्वतः, शिस्तीने आणि ठरावीक कालांतराने गोळा केली पाहिजे. तिच्या आधारे आपल्या मागण्या मांडल्या पाहिजेत आणि त्याच माहितीच्या कसोटीवर आपल्या संस्थांचे कामही तपासले पाहिजे. संशोधन आणि मूल्यमापन ही विद्यापीठांची मिरासदारी नव्हे. ज्या समाजाच्या बाजूने सत्ता नसते, त्याला तर त्यांची अधिकच गरज असते.

हक्क आकड्यांना बांधलेले आहेत

भाषिक अल्पसंख्याकांचे संरक्षण म्हटले की आपल्याला संविधानातील अनुच्छेद आठवतात. अनुच्छेद २९ व ३० आहेत. सातव्या घटनादुरुस्तीने १९५६ साली घातलेला अनुच्छेद ३५०-क प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करण्यास राज्यांना सांगतो आणि ३५०-ख भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकाऱ्याची तरतूद करतो. ही तत्त्वे झाली. ती व्यवहारात उतरतात तेव्हा मात्र त्यांना आकड्यांचे रूप येते.

प्राथमिक शाळेत मातृभाषेतून शिकवण्याची सोय केव्हा करायची? संपूर्ण शाळेत त्या भाषेची ४० मुले असतील किंवा एका वर्गात १० असतील तेव्हा. १९४९ च्या शिक्षणमंत्री परिषदेने ठरवलेला हा निकष केंद्राने १९५६ च्या संरक्षणविषयक ज्ञापनातही कायम ठेवला. महत्त्वाच्या सूचना, नियम व जाहीर नोटिसा अल्पसंख्याकांच्या भाषेत केव्हा द्यायच्या? त्या क्षेत्रात त्या भाषकांचे प्रमाण किमान १५ टक्के असेल तेव्हा. मुलांना कोणत्या माध्यमात शिकायचे आहे याची शाळा सुरू होण्यापूर्वीच आगाऊ नोंदणी करावी, अशीही सूचना या संरक्षण योजनेत आहे.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. ज्या गावात पहिलीच्या वयाची बारा मराठी मुले आहेत, तेथे सोयीची मागणी निकषात बसते. परंतु ती बारा आहेत हे दाखवणारा कागद हवा. ही यादी शिक्षण खाते आपण होऊन घरोघर फिरून आपल्यासाठी तयार करील, अशी अपेक्षा ठेवणे भाबडेपणाचे होईल. एप्रिल महिन्यात चार कार्यकर्ते दोन रविवार गावात फिरले, तर ही यादी सहज तयार होते. पालकांच्या सह्यांसह ती वेळेत दाखल केली, तर नकार देणाऱ्याला लेखी कारण द्यावे लागते. आणि ते लेखी कारण हाच पुढच्या तक्रारीचा पाया असतो. जो हक्क आकड्याला बांधलेला असतो, तो मोजणाऱ्याच्या हाती राहतो.

सीमाप्रश्नही मोजणीचाच प्रश्न आहे

महाराष्ट्राने सीमाप्रश्नात प्रथमपासून चार तत्त्वे मांडली: खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा. आंध्र व मद्रास यांच्यातील वाद पाटसकरांनी खेडे हाच घटक मानून सोडवला आणि १९५९ साली त्याप्रमाणे कायदा झाला, हे उदाहरण आपण नेहमी देतो. या चार तत्त्वांपैकी भाषिक बहुसंख्या ही सरळ मोजण्याची गोष्ट आहे आणि लोकेच्छा हीदेखील कोणत्या ना कोणत्या रीतीने मोजावीच लागते.

१९६६ साली नेमलेल्या महाजन आयोगाने पुढच्याच वर्षी अहवाल दिला. निपाणी, खानापूर, नंदगड यांसह २६४ गावे महाराष्ट्राला आणि दक्षिण सोलापूर, अक्कलकोट, जत या भागांतील २४७ गावे तत्कालीन म्हैसूर राज्याला द्यावीत, बेळगाव मात्र म्हैसूरमध्येच ठेवावे, अशी त्यात शिफारस होती. महाराष्ट्राने तो नाकारला. पण या नकाराला बळ केवळ संतापाने आले नाही. आयोगाने एका ठिकाणी लावलेला निकष दुसऱ्या ठिकाणी कसा बाजूला ठेवला, हे बॅ. अंतुले यांच्यासारख्यांनी अहवालातीलच मजकूर घेऊन पुस्तकरूपाने दाखवले, तेव्हा त्या नकाराला युक्तिवादाचे रूप आले. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावाही कागदपत्रांच्या आणि गावनिहाय माहितीच्याच जोरावर उभा आहे.

मोजणीवरचा विश्वास उडाला तर काय होते, याचाही एक धडा आहे. १९५१ च्या जनगणनेत पंजाब आणि लगतच्या प्रदेशांत हिंदी-पंजाबीचा वाद इतका विकोपास गेला, की लोकांनी सांगितलेली मातृभाषा विश्वासार्ह मानता येईना. तेथे भाषांची स्वतंत्र वर्गवारी न करता त्या एकत्र दाखवाव्या लागल्या. ज्या आकड्यांवर सर्वांना विसंबायचे होते, ते आकडेच नाहीसे झाले. म्हणून मोजणीत प्रामाणिकपणा हा सद्गुणाइतकाच स्वहिताचाही भाग आहे.

येणारी जनगणना आणि आपण

पुढील जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भतारीख जाहीर झाली आहे. ही गणना प्रथमच डिजिटल पद्धतीने होणार असून नागरिकांना स्वतः माहिती भरण्याची सोयही असेल. मराठी समाजासाठी ही महत्त्वाची वेळ आहे.

२०११ च्या गणनेत भाषेविषयी दोन प्रश्न होते. पहिला मातृभाषेचा, दुसरा येत असलेल्या अन्य भाषांचा. त्यात आणखी दोन भाषा नोंदवता येत. मातृभाषा म्हणजे बालपणी आई जी भाषा आपल्याशी बोलली ती, अशी जनगणनेची व्याख्या आहे. शाळेचे माध्यम, राज्यभाषा, जात किंवा धर्म यांच्याशी तिचा संबंध नाही. तरीही गणक घाईत असेल, घरातील कर्ता पुरुष कामावर गेला असेल, तर कधी राज्याची भाषा, कधी जातीचे नाव त्या रकान्यात पडते. २०११ साली देशभरातून मातृभाषा म्हणून १९,५६९ वेगवेगळी नावे नोंदवली गेली. छाननीनंतर त्यांतून १,३६९ मातृभाषा आणि शेवटी १२१ भाषा उरल्या. या चाळणीत कोणते नाव कोठे जाते हे आपल्याला ठाऊक असले पाहिजे.

प्रत्येक घरी हा प्रश्न समजावून सांगणे, आईची भाषा जी असेल तीच लिहावी असे सांगणे, एवढेच प्रचाराचे काम आहे. त्याहून अधिक काही करू नये. घरात उर्दू बोलणाऱ्याला मराठी लिहावयास सांगणे, कारवार-जोयड्याकडील कोकणी भाषकावर दडपण आणणे, हे अयोग्य तर आहेच, शिवाय आपल्या खऱ्या आकड्यांवरही संशय ओढवून घेणारे आहे.

जनगणनेच्या मर्यादाही समजून घेतल्या पाहिजेत. २०११ च्या भाषाविषयक सारण्या प्रसिद्ध व्हायला २०१८ साल उजाडले. मातृभाषेची प्रसिद्ध सारणी तालुक्यापर्यंत पोहोचते. आपल्या वादाचा घटक असलेले खेडे त्यात दिसत नाही. घरात मराठी असूनही मुलाला ती वाचता येते का, हे जनगणना विचारत नाही. म्हणजे ज्या प्रश्नांवर आपल्या भाषेचे उद्याचे आयुष्य ठरणार, त्यांची उत्तरे सरकारी कागदांत मुळातच नाहीत. ती आपल्यालाच शोधावी लागतील.

ही परंपरा आपलीच आहे

'हे पाश्चात्त्य संस्थांचे, अनुदानवाल्यांचे काम' असे म्हणून काही जण नाक मुरडतात. त्यांना आपल्याच इतिहासातील दोन-तीन गोष्टींची आठवण करून द्यावीशी वाटते.

वडोदऱ्याच्या सयाजीराव महाराजांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३ साली प्रथम अमरेली तालुक्यातील थोड्या गावांत केला. तो चालतो कसा, अडतो कोठे हे पाहिले आणि १९०६ साली तो संपूर्ण संस्थानाला लागू केला. आधी लहान क्षेत्रात करून पाहणे, निकाल तपासणे आणि मग विस्तार करणे, हेच आज मूल्यमापन या नावाने शिकवले जाते.

पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाई तालुक्यातील शेतीची आणि पुणे शहराची घरोघर पाहणी केली. हेच गाडगीळ संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीची वैचारिक मांडणी करणाऱ्यांतही होते. मागणी आणि मोजणी यांत त्यांना विरोध दिसला नाही. अलीकडचे उदाहरण तर आपल्या डोळ्यांसमोरचे आहे. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळावा म्हणून भाषणे पुष्कळ झाली; पण २०१२ साली नेमलेल्या रंगनाथ पठारे समितीने शिलालेख, ग्रंथ व कोश धुंडाळून पुराव्यांची मांडणी केली नसती, तर ३ ऑक्टोबर २०२४ चा निर्णय कशाच्या बळावर मागितला असता?

बोलींच्या बाबतीतही तसेच. डॉ. अ. मा. घाटगे यांनी मराठी बोलींच्या पाहणीत कासरगोडच्या मराठीवर स्वतंत्र ग्रंथ सिद्ध केला. महाराष्ट्रापासून दूर, केरळच्या टोकाशी बोलली जाणारी ती बोली त्यामुळे अभ्यासाच्या कक्षेत आली. गणेश देवी यांच्या लोकसर्वेक्षणात तर देशभरातील शिक्षक, लेखक आणि कार्यकर्ते यांनीच आपापल्या भाषांची माहिती लिहून काढली. सामान्य माणसे असे काम करू शकतात, याचा याहून मोठा दाखला कोणता हवा?

शाळा: सर्वांत निकडीची मोजणी

कर्नाटक सरकारच्या माध्यमविषयक सक्तीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मे २०१४ मध्ये निर्णय दिला, की प्राथमिक शिक्षणाचे माध्यम निवडण्याचा अधिकार पालकांचा असून राज्याला मातृभाषेच्या माध्यमाची सक्ती करता येणार नाही. या निर्णयाचे आपल्याकडे दोन अर्थ होतात. कन्नडची सक्ती कोणी करू शकत नाही, हा पहिला. तो आपल्याला आवडतो. मराठी माध्यमाकडेही मूल केवळ पालकांच्या पसंतीनेच येणार, हा दुसरा. तो आपल्याला विचार करायला लावतो.

पालक मराठी शाळा का सोडतात? या प्रश्नाची ठरलेली उत्तरे सर्वांना ठाऊक आहेत: इंग्रजीचे आकर्षण, सरकारी अनास्था, शिक्षकांच्या रिक्त जागा. परंतु एका विशिष्ट गावात यांतले नेमके कोणते कारण किती घरांत आहे, हे कोणी विचारले आहे? कदाचित पाचवीनंतर पुढे मराठी शाळा जवळ नाही हे कारण असेल. कदाचित मुलींसाठी बसची वेळ जमत नसेल. पुढे नोकरीसाठी कन्नड लागते आणि शाळेत कन्नड नीट शिकवले जात नाही, असेही पालकांचे म्हणणे असू शकेल. प्रत्येक कारणावरचा उपाय निराळा आहे. कारण न शोधता उपाय करणे म्हणजे नाडी न पाहता काढा देणे होय.

यासाठी एक तयार नमुना उपलब्ध आहे. 'प्रथम' या संस्थेने २००५ पासून चालवलेले 'असर' हे सर्वेक्षण. त्यात जिल्ह्यातील तीस गावे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे निवडतात आणि प्रत्येक गावात वीस घरे. ओळखीची घरे घ्यायची नाहीत. गावाचे भाग पाडून प्रत्येक भागात ठरावीक अंतराने घर घ्यायचे, असा दंडक आहे. घरी जाऊन मुलासमोर एक कागद ठेवायचा: अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल कोठपर्यंत वाचते तेवढे लिहून घ्यायचे. महाविद्यालयातील विद्यार्थी दोन-तीन दिवसांच्या प्रशिक्षणानंतर हे काम करतात.

खानापूर, बेळगाव, निपाणी, बिदर, भालकी अशा कोणत्याही तालुक्यात आपल्या युवक मंडळांना हे जमणार नाही असे नाही. मुलांच्या वाचनाबरोबर आणखी चार गोष्टी नोंदवाव्यात: मूल कोणत्या माध्यमात शिकते, आजीशी कोणत्या भाषेत बोलते, भावंडांशी कोणत्या भाषेत बोलते, आणि पालकांनी शाळा निवडताना कोणकोणत्या शाळांचा विचार केला होता.

प्रश्न विचारण्याची रीत फार महत्त्वाची आहे. 'तुम्हांला मराठी शाळा हवी आहे ना?' असे समितीचा बिल्ला लावून विचारले, तर गावात एकही नकार मिळणार नाही. आणि त्या होकाराला काडीची किंमत नसेल. 'गेल्या जूनमध्ये मुलाचे नाव कोठे घातले? ती शाळा का घेतली?' असे विचारले, तर खरे उत्तर मिळेल. माणूस काय म्हणतो यापेक्षा त्याने काय केले, हे विचारणे केव्हाही चांगले.

दुसरी काळजी बहुभाषिकतेची. सांगली जिल्ह्यातील कुपवाडच्या भाषाव्यवहारावर गम्पर्झ आणि विल्सन यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास भाषाशास्त्रात विख्यात आहे. एका गावात मराठी, कन्नड व उर्दू बोलणारे समाज पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदले. प्रत्येकाने घरात आपली भाषा सांभाळली. पण रोजच्या संपर्कामुळे या भाषांची वाक्यरचना इतकी जवळ आली, की एका भाषेतील वाक्य जवळजवळ शब्दाला शब्द ठेवून दुसऱ्या भाषेत जाते. सीमाभागातील कोणते घर याला अपवाद आहे? म्हणून 'एकच भाषा सांगा' हा प्रश्न आपल्या पाहणीत नसावा. कोणाशी, कोठे, कोणती भाषा हे विचारावे. तीन भाषा येणारे मूल हे आपले नुकसान नव्हे. त्या तिन्हींत मराठी वाचता-लिहिता न येणे हे नुकसान आहे, आणि मोजायचे ते हेच.

सरकारी माहिती मागून घ्यावी

सर्वच काही नव्याने गोळा करण्याची गरज नसते. प्रत्येक शाळेची पटसंख्या, शिक्षकांची संख्या व माध्यम यांची नोंद दरवर्षी 'यू-डायस' या व्यवस्थेत होते. आपल्या तालुक्यातील मराठी शाळांचे पाच-सहा वर्षांचे आकडे एका तक्त्यात मांडले, की कोणती शाळा केव्हापासून आणि कोणत्या इयत्तेत गळू लागली हे दिसते. शाळा बंद पडल्यावर मोर्चा काढण्यापेक्षा ती गळू लागलेल्या पहिल्याच वर्षी गावात बैठक घेणे अधिक उपयोगाचे.

जे उघड नाही ते माहितीच्या अधिकारात मागावे. शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. कायद्यानुसार अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या क्षेत्राच्या राजभाषेत करावा लागतो. कर्नाटकाच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. म्हणून लांबलचक पार्श्वभूमी न लिहिता नेमका प्रश्न विचारावा. कन्नडमध्ये उत्तम लिहिणारे मराठी तरुण आता गावोगाव आहेत. त्यांच्या या कौशल्याकडे संशयाने पाहण्याऐवजी हे काम त्यांच्याकडे सोपवावे.

संस्थांनी स्वतःलाही मोजावे

मूल्यमापन म्हटले की आपल्याला सरकारचे मूल्यमापन आठवते. आपल्या संस्थांचे काय? बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ चे. वडोदरा, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद येथील मराठी मंडळे, वाचनालये आणि शाळा यांचाही वारसा मोठा आहे. तेथे सीमावाद नाही. परंतु भाषा तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत पोहोचते की नाही, हा प्रश्न तेथे अधिक तीव्र आहे. गोव्यात १९८७ च्या राजभाषा कायद्याने मराठीच्या वापराला जागा ठेवली आहे. तरी प्राथमिक शाळांतील पटाची चिंता तेथेही आहेच.

या संस्थांचे वार्षिक अहवाल पाहिले, तर त्यांत बहुधा कार्यक्रमांची यादी, पाहुण्यांची नावे आणि 'श्रोत्यांचा उदंड प्रतिसाद' एवढेच असते. खर्च किती झाला हे कळते. त्यातून काय झाले हे कळत नाही. वाचनालयाने सभासदसंख्येबरोबर आणखी तीन गोष्टी प्रसिद्ध कराव्यात: वर्षात प्रत्यक्ष किती पुस्तके घरी गेली, पंचविशीच्या आतील किती सभासदांनी पुस्तके नेली, आणि नवे सभासद किती टिकले. संस्कारवर्ग किंवा सुटीतील मराठी वाचनवर्ग चालवणाऱ्यांनी पहिल्या दिवशी आणि शेवटच्या दिवशी त्याच मुलांचे वाचन वर सांगितलेल्या कागदाने तपासावे, आणि वर्गाला न आलेल्या शेजारच्या थोड्या मुलांचेही तपासावे. नाहीतर सुटीत मूल आपसूक जे शिकले, त्याचे श्रेयही वर्गालाच दिले जाईल. सहा महिन्यांनी पुन्हा एकदा पाहावे. वर्गाचा उपयोग झाला असेल तर दाता आनंदाने पुढच्या वर्षी पैसे देईल. झाला नसेल तर वर्ग बदलता येईल.

व्याख्यानमाला आणि संमेलने बंद करा, असे आम्ही म्हणत नाही. १९४६ च्या बेळगाव साहित्य संमेलनातूनच संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीला जोर मिळाला, हे कोण विसरेल? परंतु समारंभाने उत्साह येतो आणि पाहणीने दिशा कळते. दोन्हींसाठी वेळ व पैसा ठेवला पाहिजे.

'आकडा विरुद्ध गेला तर?'

हा आक्षेप आम्हांला वारंवार ऐकावा लागतो. एखाद्या गावात पाहणी केली आणि मराठी मुले अपेक्षेपेक्षा कमी निघाली, किंवा मराठी शाळेतील मुलांचेच मराठी वाचन कच्चे निघाले, तर विरोधकांच्या हाती कोलीत दिल्यासारखे होणार नाही काय?

यावर आमचे उत्तर असे. पहिली गोष्ट, वस्तुस्थिती आपण मोजली नाही म्हणून ती बदलत नाही. विरोधकाला ती शोधायची असेल तर तो शोधेलच. फक्त आपल्याला ती न्यायालयात किंवा विधानसभेत प्रथम ऐकावी लागेल. दुसरी गोष्ट, प्रतिकूल आकडा वेळेत कळला तर उपाय करता येतो. पहिलीत अकरा मुले असताना धोका कळला, तर पुढच्या वर्षी ती नऊ होऊ नयेत म्हणून काही करता येते. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट विश्वासार्हतेची आहे. जी संस्था आपल्याला न आवडणारा आकडाही छापते, तिच्या आवडत्या आकड्यावर न्यायाधीश, पत्रकार आणि अधिकारी विश्वास ठेवतात. 'यांचे आकडे नेहमी त्यांच्याच सोयीचे असतात' अशी प्रतिमा एकदा झाली, की खरा आकडाही वाया जातो.

'हे सरकारचे काम आहे, आम्ही का करावे?' असेही विचारले जाते. सरकारचे काम सरकारने करावेच. पण ज्याचे शेत आहे त्याने बांध कोठे फुटला हे पाहण्यासाठी तलाठ्याची वाट पाहत बसू नये.

काही पथ्ये

हे काम करताना काही पथ्ये पाळणे अनिवार्य आहे. घरातील माणसाची संमती घेतल्याखेरीज काहीही लिहून घेऊ नये. प्रसिद्धीत व्यक्तीचे किंवा घराचे नाव येऊ नये. गावाचा आकडा पुरेसा आहे. माहिती निवडणुकीच्या यादीसारखी कोणत्याही उमेदवाराच्या हाती जाऊ नये, नाहीतर दुसऱ्या खेपेस दारे बंद होतील. प्रश्नावली आणि पद्धत निकालाबरोबर छापावी, म्हणजे शंका असणाऱ्याला स्वतः पडताळून पाहता येईल. निकाल प्रथम त्या गावातच, चावडीवर किंवा मंदिराच्या सभामंडपात वाचून दाखवावा. ज्यांनी माहिती दिली, त्यांचा तिच्यावर पहिला हक्क आहे.

आणखी एक गोष्ट. पाहणीतून कन्नड किंवा उर्दू घरे वगळू नयेत. शेजारच्या मुलालाही शाळेत शिक्षक नाही हे आपल्या कागदावर आले, तर शिक्षकाची मागणी संपूर्ण गावाची होते. आपला लढा शासनाच्या धोरणाशी आहे, शेजाऱ्याशी नाही. आणि प्रामाणिक मोजणी ही गोष्ट शेजाऱ्यालाही पटवून देऊ शकते.

आता प्रारंभ कोठून?

योजना मोठी नको. प्रत्येक मंडळाने, वाचनालयाने, युवक संघाने एक गाव किंवा एक गल्ली घ्यावी. एका रविवारी प्रश्नावली तयार करावी, दुसऱ्या रविवारी पाच घरांत ती चालवून पाहावी, अडलेले प्रश्न बदलावेत आणि पुढच्या दोन रविवारांत वीस घरे पूर्ण करावीत. तक्ता एका पानात मावला पाहिजे. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात, त्याच प्रश्नांनी, तेच गाव पुन्हा पाहावे. कारण एका वर्षाचा आकडा केवळ स्थिती सांगतो, दोन वर्षांचे आकडे गती सांगतात. स्थानिक महाविद्यालयातील मराठीच्या, समाजशास्त्राच्या किंवा संख्याशास्त्राच्या एखाद्या प्राध्यापकाला पद्धत तपासून देण्याची विनंती करावी. अशी शंभर पाने जमली, तर सीमाभागाच्या मराठी शाळांचे असे चित्र उभे राहील, जे आज कोणत्याही सरकारकडे नाही.

२०२७ ची जनगणना आपली मातृभाषा मोजील. त्या भाषेत आपली मुले वाचतात की नाही, हे मात्र आपल्यालाच मोजावे लागेल. जी संस्था येत्या उन्हाळ्यात आपल्या गावाचे पहिले पान तयार करील, तिने ते आम्हांला अवश्य पाठवावे. आकडा समाधानाचा असो वा चिंतेचा, आम्ही तो जसाच्या तसा वाचकांपुढे ठेवू.